अर्धं तिकीट

बोर्डावर नुसतं ‘वैजापूर’ लिहिलेलं असायचं.
चोपडा स्टँडवर कुणीतरी हमखास विचारायचं, गोदावरीकडचं का?
नाही हो. हे आमचं, सातपुड्यातलं.
पोचायला दिवेलागण, निघायला सकाळचे सहा,
मधली रात्र गाडीच्या टपावर,
मी आणि ड्रायव्हर नामदार तडवी,
कळण्याची भाकरी, ठेचा, एक बॅटरी.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं
गावातलाच कोंबडा, पडसं झालेला.
कुक्... कया-कया... कुक्.
आरवता आरवता मध्येच काही आठवावं
तसं तुटलेलं.
नामदार कूस न बदलता म्हणाला, राखी आहे.
रानातला. त्याला गाव नको असतं.

मग दिसायला लागला.
कर्जाण्याच्या अलीकडे, वळणावर,
बैलांच्या शेणातले दाणे उकरताना.
चुलीतली राख फुंकून बसवल्यासारखं अंग,
मानेवर मात्र पिवळे ठिपके, मेणाचे,
पाकीट बंद करून वर लाखेचा थेंब टाकावा तसे.
नामदार इंजिन बंद करायचा,
उतारावर गाडी आपली आपण घरंगळायची.
आत कुणी खोकलं की तो नसायचा.
उडायचा नाही,
करवंदीची जाळी त्याला गिळायची.

कोंबडी तर मी तीन वर्षांत दोनदाच पाहिली.
छातीवर पांढरे खवले,
पाचोळ्यात बसली की पाचोळाच.
अंड्यांवर असली तर
मोहाची फुलं वेचणाऱ्या बाया
दोन हातांवरून जातात, ती पापणी हलवत नाही,
हे मला रेमला बारेलानं सांगितलं होतं.

त्याच रेमलानं.

चैत्रातला बाजारचा दिवस, गाडीत मोहाचा वास.
रेमला मागच्या सीटवर, मांडीवर उपरण्याचं गाठोडं.
काय आहे रे?
कोंबडा.
मग अर्धं तिकीट पडेल.
पेटीतून काढलं, पंच मारला, सुट्टे मोजले.
गाठोडं एकदाही हललं नाही.
गावातला असता तर गाडी डोक्यावर घेतली असती,
हे तेव्हाच कळायला हवं होतं.
कळलं होतं, खरं सांगायचं तर.
गाठीच्या फटीतून एक पिवळा ठिपका दिसला होता.
पण गाडीत सत्तर माणसं, उशीर झालेला.
मी पुढच्या सीटकडे वळलो.

चोपड्याला त्यानं उपरणं सोडलं.
रक्त नाही, जखम नाही,
पायावर फासाची दोऱ्याएवढी खूण.
मान लोंबलेली.
कुठं गेला रे?
काय माहीत भाऊ.
निघालो तेव्हा त्याचं काळीज माझ्या मांडीला लागत होतं.
मग रस्ता खराब आला,
त्याची धडधड कोणती, गाडीची कोणती, समजेना.
आणि खिशातून काढून त्यानं पुढे केलं :
हे घ्या परत.
तो तर मध्येच उतरला.

पैसे देता येत नव्हते, हिशेब लागला नसता.
तिकीट मी घेतलं.

त्यानंतरही दोन वर्षं तोच रूट होता.
नामदार सांगायचा, ज्येष्ठात तो मानेची पिसं गाळतो,
ठिपके जातात, आवाज जातो,
पायाजवळून गेला तरी ओळखणार नाहीस.
मला ते बरं वाटायचं. तेवढे महिने तरी.
रेमला गाडीत बसला की आम्ही दोघंही
खिडकीबाहेर बघायचो, आपापल्या बाजूच्या.

आता ती मुक्कामी गाडी बंद झाली म्हणे.
तिकिटाची पेटी माळ्यावर आहे,
झाकणाच्या आतून ते चिकटवलेलं, शाई उडालेली.
कॉलनीत पहाटे पावणेपाचला जाग येतेच.
मागच्या चाळीतले कोंबडे आरवतात,
नीट, खणखणीत, शेवटपर्यंत.
मला ते जरा जास्तच वाटतं.